सतरंजीचा निवाडा

घरातल्या वस्तू आपसात भांडायच्या, त्या काळची गोष्ट. एका घरात पिसवा झाल्या. न्यायनिवाडा जुन्या सतरंजीकडे गेला, कारण ती पाहुण्यांसाठीच अंथरली जायची, म्हणजे मोठी!

"पिसवा भुरी मांजरीच्या अंगावर सापडल्या. तिला पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडा," सतरंजीने निकाल दिला.

भुरी रडकुंडीला आली. "बाई, माझ्या पिल्लांचे अजून डोळे उघडले नाहीत! मालकीणबाई मला रोज फणीने विंचरतात, तरी पिसवा पुन्हा चढतात."

"झोपतेस कुठे गं?" केरसुणीने विचारलं.

भुरीने हळूच सतरंजीकडे पाहिलं.

"माझ्यावर संशय? तीन पिढ्यांत मला कुणी झटकलेलं नाही!" सतरंजी कडाडली.

"तेच तर!" म्हणत केरसुणीने तिच्या पाठीत दणका हाणला. पिसवा अशा उसळल्या, की पोतंसुद्धा दाराकडे पळालं.

"या माझ्या नव्हेत," सतरंजी म्हणाली, "पाहुण्या आहेत."

त्याच पोत्यातून सतरंजी ओढ्यावर गेली, उकळत्या पाण्यात बुडाली, तीन दिवस कडक उन्हात पडली. घरी येताच तिने पहिला प्रश्न विचारला, "भुरीने पाय धुतलेत ना?"