आधी यजमानाचा घोट

ही गोष्ट गेल्या पौषात, जायकवाडीच्या काठी जाळे सांधत बसलेल्या रखमाबाई लिंबोरे यांच्या तोंडून ऐकली. त्यांनी सांगितली तशीच ती येथे दिली आहे.

एका तळ्याकाठी एक म्हातारा चक्रवाक राहत असे. तरुणपणी तो दर उन्हाळ्यात बर्फाळ डोंगरांपलीकडच्या सरोवरांवर जाई. आता पंखांत तेवढे बळ उरले नव्हते. म्हणून तो पाणकोंबड्यांना जमवून परदेशच्या गमती सांगे. "तिकडची मंडळी भारी उद्धट बरं का! पाहुणा तहानेने व्याकूळ, आणि यजमान आधी स्वतःची चोच बुडवतो! एक म्हातारी हंसीण तर मला प्रत्येक डबक्यापाशी थांबवायची, स्वतः प्यायची, आणि मग बऱ्याच वेळाने म्हणायची, 'आता घे, बाळा.'" सारे खो खो हसत. टिटवी मात्र टोमणा मारी, "आणि तरी आजोबा दर वर्षी तिच्याकडेच उतरायचे!"

एका फाल्गुनात तळे बरेच आटले. उत्तरेकडे परतणारी एक तरुण हंसी दमून काठावर उतरली. तिला लांब चालायला नको, म्हणून चक्रवाकाने जवळचाच कोपरा दाखवला. ती मान झुकवून थांबली. "आजोबा, आधी तुम्ही."

"छे छे! ती तुमच्याकडची रीत. आमच्याकडे पहिला मान पाहुण्याचा. पी, पोरी."

यजमानाचा शब्द मोडू नये म्हणून ती प्यायली, आणि थोड्याच वेळात तिची मान लुळी पडली. त्या कोपऱ्यातले पाणी नासले होते. चक्रवाकाला त्याचा पत्ताच नव्हता. तो स्वतः पलीकडच्या झऱ्यावर पीत असे. धावतपळत त्याने चोचीचोचीने झऱ्याचे पाणी आणून तिला पाजले, तेव्हा कुठे ती सावरली. मग त्याने हलकेच विचारले, "पोरी, तुमच्याकडे यजमान आधी का पितो गं?"

"बर्फ वितळला की कुठलं पाणी बाधेल, याचा नेम नसतो आमच्याकडे. बाधलंच, तर आधी घरच्याला बाधावं."

"हे मला कधी कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंत का, आजोबा?"

ती निघाली, तेव्हा चक्रवाक म्हणाला, "तिकडे एक म्हातारी हंसीण असेल. तिला म्हणावं, तुझा पाहुणा चुकला."

"सांगते की! नाव काय त्यांचं?"

चक्रवाकाने मान खाली घातली. इतके उन्हाळे तिच्या आसऱ्याला काढले; नाव विचारायचे तेवढे राहून गेले होते.

निरोप अखेर पोहोचला, असे रखमाबाई ठामपणे म्हणाल्या. त्याला दुजोरा देणारे मात्र दुसरे कोणी भेटले नाही.

तात्पर्य : परक्याची रीत विचित्र वाटली, तर हसण्याआधी तिचे कारण विचारावे; वेळ टळल्यावर क्षमा तरी कोणाच्या नावे मागणार?