महाराजांचा विरुद्धार्थी शब्द

“आता ‘किंग’चा समानार्थी शब्द सांगा, आणि विरुद्धार्थीही सांगा,” महाराज म्हणाले, आणि खांबेटे मास्तरांच्या हातातला खडू गळून पडला.

चिंचणगाव संस्थानच्या धैर्यशीलराव महाराजांनी त्या साली इंग्रजीचा ध्यास घेतला होता. हिवाळ्यात गोरा साहेब भेटीला येणार होता आणि त्याच्याशी दुभाष्याशिवाय बोलायचं, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी पुण्याहून खांबेटे मास्तरांना आणवलं होतं. मास्तर रोज नवे शब्द देत आणि प्रत्येक शब्दासोबत त्याचा एक सोबती आणि एक वैरी देत. बिग म्हटलं की सोबती लार्ज, वैरी स्मॉल. महाराजांना सोबत्यांपेक्षा वैरीच जास्त आवडले. आचारी गरम दूध घेऊन आला की महाराज ‘कोल्ड’ म्हणत, आणि तो बिचारा वाफाळतं दूध पुन्हा चुलीवर ठेवी. सेनापतींनी ‘येस’ म्हणायचा अवकाश, महाराज ‘नो’ म्हणून मोकळे. सगळा राजवाडा मेटाकुटीला आला होता.

पण आज प्रश्न खुद्द राजाचाच होता. मास्तर चाचरत ‘रूलर’ म्हणाले. महाराज तो शब्द आदल्याच दिवशी शिकले होते. रेघा मारायच्या पट्टीलाही रूलर म्हणतात हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. मी काय लाकडाची पट्टी आहे, असं त्यांनी विचारलं.

दिवाणजी मदतीला धावले. ते म्हणाले की महाराजांच्या तोडीचा कुणी नाहीच, तेव्हा समानार्थी शब्द राहू द्यावा. विरुद्धार्थी मात्र सोपा आहे, क्वीन. त्याबरोबर चिकाच्या पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या जोरात वाजल्या. आपण महाराजांच्या विरुद्ध आहोत हे आपल्याला आजच कळलं, असं त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. सेनापतींनी ‘प्रजा’ सुचवलं. महाराजांनी भुवया चढवून विचारलं, प्रजा आपल्याविरुद्ध उठली आहे आणि ही खबर सेनापती आज देताहेत? 

महाराजांना आता चेव चढला. त्यांनी हुकूम सोडला: शुक्रवारच्या दरबारात मास्तरांनी दोन्ही शब्द सांगावेत. माझी बरोबरी करणारा शब्द चालणार नाही आणि माझा अपमान करणाराही चालणार नाही. जमलं नाही, तर मास्तरांची अर्धी मिशी उतरवून, गाढवावर उलटं बसवून, त्यांना वेशीपर्यंत मिरवत न्यावं.

मास्तरांनी शब्दकोश पालथा घातला. बरोबरीचा शब्द मिळाला की गुन्हा, उलटा मिळाला की त्याहून मोठा गुन्हा. गुरुवारी दुपारी ते ओसरीवर मिशीला हात लावून बसले होते. तिथून सगुणा चालली होती. ही शिकवणीच्या दालनातला छताचा पंखा दोरीनं ओढायची. दोरी ओढता ओढता रोजचे शब्द तिच्याही कानी पडत आणि घरी म्हशीला ती ‘कम’ आणि ‘गो’ म्हणायची. मास्तरांनी तिला दुःख सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की उत्तर शब्दातच हवं, असं महाराज म्हणालेत का. मास्तरांनी आठवून सांगितलं, शब्द सांगा असंच म्हणालेत. मग शब्दही देऊ, असं म्हणून ती राणीसाहेबांच्या महालाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मास्तरांऐवजी सगुणा पुढे आली, तेव्हा कुजबुज झाली.

“तुझं उत्तर चुकलं तर?” महाराजांनी विचारलं.

“तर मलाबी गाढवावर बसवा, सरकार. मास्तरांच्या पाठीला पाठ लावून बसते. निदान एक जण तरी सरळ बसलेला दिसंल.”

महाराजांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. सगुणेनं खूण केली. चार हुजऱ्यांनी कापडानं झाकलेली पुरुषभर उंच वस्तू आणून सिंहासनासमोर उभी केली. तिनं कापड ओढलं. राणीसाहेबांचा बेल्जियमचा आरसा होता.

“ह्यो बघा सरकारांचा समानार्थी,” ती म्हणाली. “तीच पगडी, तोच तुरा, तोच दरारा. बरोबरी केली म्हणून दंड करायचा, तर सरकारांनाच करावा लागंल.”

“आणि विरुद्धार्थी?”

“सरकारांनी उजवा हात उचलावा.”

महाराजांनी उचलला. आरशातल्या महाराजांनी डावा उचलला. महाराजांनी उजवी मिशी पिळली, त्यानं डावी पिळली. महाराजांनी हात बदलून पाहिला, मान वाकडी करून पाहिली. समोरचा काही केल्या ऐकेना.

“सगळं उलटं करतोय की नाही?” सगुणा म्हणाली. “आता शब्द सांगते. किंगचा सोबती किंग, आणि किंगचा वैरीबी किंगच. दुसऱ्या कुणाची छाती हाय?”

दरबार महाराजांच्या तोंडाकडे पाहू लागला. महाराज मात्र सहजी हरणारे नव्हते. सिंहासनावरून उतरून ते आरशाशेजारी आले.

“दोन महाराज झाले,” ते म्हणाले. “यातला खरा कोणता, ते सांग. नाहीतर गाढव बाहेर उभंच आहे.”

सगुणेनं पदर सावरला आणि ओंजळ पुढे केली.

“त्याला वेळ लागत नाही, सरकार. दोघांनीबी बक्षीस द्यावं. आरशातले महाराज आरशातल्या सगुणेला देतील. माझ्या ओंजळीत ज्याचं पडंल, तो खरा.”

 मग महाराज असे खदखदून हसले की पगडी तिरपी झाली. चिकाआडून राणीसाहेबांचंही हसू ऐकू आलं. मास्तरांनी दोन्ही मिशा चाचपून पाहिल्या. महाराजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि, आपण खरे आहोत हे सिद्ध करायच्या घाईत, दोन्ही हातांनी सगुणेच्या ओंजळीत ठेवला.