थोरल्या साळुंकीचे पंख

फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका उंबरावर साळुंक्यांचा थवा राहायचा. दिवस मावळला की सगळ्या जमून थोरल्या साळुंकीची कथा ऐकायच्या. तिने म्हणे वादळात परकी पिलं पंखाखाली घेतली होती. कथा सुरू झाली की मध्ये उठायचं नाही, असा नेम होता.

त्या संध्याकाळी कथा सांगायची पाळी भित्र्या रेवूची होती. ती वादळापर्यंत आली, तोच बुलबुलाचं एक पिलू खाली पडून ओरडू लागलं. गवतातून मुंगूस येताना रेवूला दिसलं. सगळ्यांनी मिळून गिल्ला केला की मुंगूस पळतं, हे तिला ठाऊक होतं.

"आत्याबाई, ते पिलू..."

"कथा अर्धी टाकतेस? पाप लागेल, बयो," थव्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आत्याबाई म्हणाल्या. "आणि जरा मोठ्यानं सांग. त्या ओरडण्यात काही ऐकू येत नाही."

रेवू मोठ्यानं सांगत राहिली. कथा संपली तेव्हा सगळ्यांचे डोळे पाणावले होते, आणि खाली अगदी शांत होतं.

दुसऱ्या दिवशी कथा आत्याबाईंनी सांगितली. थोरल्या साळुंकीच्या पंखाखाली आता बुलबुलाचं एक पिलूही होतं.

"किती मायाळू आपली जात," शेजारीण पुटपुटली.

रेवूनं मान डोलावली.