न जुळलेलं नाव

नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा निरोप्या राहायचा. लोकांचे निरोप तो तोंडी पोचवायचा. एकदा एका लबाडाने "तो मीच" म्हणून दुसऱ्याचा निरोप ऐकून घेतला आणि त्याचा बैल हाकून नेला. तेव्हापासून सटवाजीने नियम केला. आपण कोणाला शोधतोय ते सांगायचं नाही. समोरच्यालाच नाव विचारायचं. जुळलं तर निरोप, नाही तर रामराम. मग त्याचा एकही निरोप चुकीच्या माणसाला गेला नाही. याचा त्याला फार अभिमान होता.

शेजारच्या गावात बाळोजी कुंभार आजारी पडला. बायको आधीच गेलेली. एकुलती लेक मंजुळा, नुकतीच नदीपलीकडच्या गावात दिलेली.

"देवळाजवळचं कुंभाराचं घर," बाळोजीने सटवाजीला बोलावून सांगितलं. "माझ्या मंजुळेला म्हणावं, आहेस तशी निघ. मी आता फार दिवस काढत नाही."

त्या मुलखात लग्नात मुलीचं नाव बदलत. ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने नवं नाव लिही, मग सगळे पेढे खात. जुन्या नावाचं पुढे काय करायचं, ते कोणी सांगत नसे. मंजुळेची उमा झाली होती. बापाच्या तोंडी मात्र मंजुळाच राहिली.

सटवाजी देवळाजवळच्या घरी पोचला. दारात सून उभी होती, तिच्यामागे सासू.

"बाई, नाव काय तुझं?"

सुनेने सासूकडे पाहिलं. "उमा."

"घरात आणखी सून?"

"एकच आहे, तीच पुष्कळ झाली," सासू म्हणाली. "का हो, काम काय होतं?"

"काही नाही. माझं माणूस वेगळं आहे."

सून पुढे झाली. "काका, नदीपलीकडून आलात का? तिकडं माझे..."

"उशीर होतोय, उमाबाई," म्हणत सटवाजी वळलासुद्धा.

"त्या घरात मंजुळा नाही," त्याने परत येऊन बाळोजीला सांगितलं.

"नाही?" बाळोजी तापात होता. लेक गेली आणि आपल्याला कोणी कळवलं नाही, असंच त्याने धरलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं, औषधाची वाटी परत पाठवली, आणि दोन दिवसांत तो गेला.

मरणाची बातमी मात्र कोणाचं नाव न विचारता पलीकडे पोचली. लेक रडत बापाच्या अंगणात आली. सटवाजीही तिथे आला होता.

"उमाबाई? तू इथं कशी?"

"मी मंजुळा, काका. या घरची."

"पण मी तुला नाव विचारलं होतं!"

"सासरी उभी होते, सासरचं सांगितलं. माहेर कुठलं विचारलं असतंत, तर तेही सांगितलं असतं."

सटवाजीने बाळोजीचा निरोप शब्दही न बदलता तिला सांगितला. या खेपेला माणूस बरोबर होतं.

तात्पर्य: नावं दोन दिसली म्हणून माणसंही दोनच, असं ठरवून मोकळं होऊ नये. आपण चुकीच्या दारी गेलो नाही, एवढ्याने बरोबर माणसापर्यंत पोचलो असं होत नाही. त्यासाठी आणखी एक प्रश्न विचारायची तयारी लागते.