वाळवी दरबारात हजर!

"कागद दाखव, नाहीतर तळं सोड!" सुभानराजे गरजले.

समोर चिमा परटीण उभी होती. परीटआळीच्या तळ्याला विसाजीपंत दफ्तरदारानं काटेरी कुंपण घातलं होतं, आणि वर म्हणे तळं आमचंच! आता आळीनं कपडे धुवायचे कुठं, राजाच्या हौदात?

"म्हाराज, तुमच्या आजोबांनी तळं आळीला दिलंया. कागद तुमच्याच दफ्तरखान्यात हाय."

"होता!" पंतांनी डोळे पुसले. डोळे कोरडे होते, तरी पुसले. "वाळवीनं खाल्ला, महाराज. चिटोरासुद्धा उरला नाही!"

राजे भलते हट्टी. "कागद नाही तर हक्क नाही! फार तर ती वाळवी धरून आण आणि तिच्याकडून कागद ओकून घे. संध्याकाळपर्यंत मुदत!"

दरबार खो खो हसला. पंत तर पोट धरून.

संध्याकाळी चिमा आली ती हात हलवत.

"वाळवी कुठाय?"

"येतीया, म्हाराज. त्याआधी एक इचारू? खाल्लेल्या कागदावरचा हक्क मेला, हे समद्यांना लागू का नुसतं परटांना?"

"सगळ्यांना! माझ्या सख्ख्या मामालासुद्धा!"

"मग पंतांची आमराई सरकारजमा करा."

"आमराईचा इथं काय संबंध?" पंत ताडकन उठले.

"तुमचं आजोबा भारी चिकट, म्हाराज. माफी असावी. कागद वाया जाऊ नये म्हणून वर आमचं तळं लिवलं, अन् त्याच कागदावर खाली पंतांच्या बापाला आमराई दिली. माझा सासरा तवा दरबारात हुता. आता सबंध कागद वाळवीच्या पोटात, तर आमराई तेवढी भाईर कशी राहील?"

"चिकट होते खरे," राजे पुटपुटले आणि कारकुनाकडे वळले. "लिहा! आमराई सरकारजमा!"

"थांबा!" पंत किंचाळले. आंबे अगदी पाडाला आले होते हो! "कागद आहे! खाल्ला नाही! माझ्या घरी आहे, तांदळाच्या कणगीत!"

पंतांनी जीभ चावली, पण आता काय उपयोग! शिपाई धावले, कागद घेऊन आले. त्याला एकही भोक नव्हतं. वर तळं, खाली आमराई, शेवटी थोरल्या राजांची मोहोर.

"तळं तुमचं!" राजे म्हणाले. हट्ट मात्र सुटेना. "पण बाई, वाळवी कुठाय?"

"ही काय, पागोटं घालून उभी हाय की! अन् कागद तर तुमच्यासमोरच ओकला!"

राजे इतके हसले की त्यांचा मंदिल घसरून नाकावर आला. "माग, काय हवं ते माग!"

"ह्यो मजकूर दगडावर कोरून तळ्याकाठी बसवा. बघू, दगड पचतो का वाळवीला!"

राजांनी शिळा कोरवली, चिमाला सोन्याच्या पाटल्या दिल्या, दफ्तरखान्याच्या किल्ल्या पंतांच्या कमरेवरून काढून घेतल्या. शिवाय हुकूम सोडला, की दर बाजाराच्या दिवशी पंतांनी शिळेपाशी उभं राहून सगळा मजकूर गावाला वाचून दाखवायचा.

पंत वाचतात, मान खाली घालून. आणि चिमा धुणं आपटता आपटता ओरडते, "पंत, जरा मोठ्यानं! पल्याडच्या काठाला ऐकू येईना!"