राखीन म्हणाला मांत्रिक

एका राज्यात तलवारी होत्या, पण त्या म्यानातून निघत नव्हत्या. राज्य एवढंसं, भोवती बलाढ्य राजे, समुद्रावरून लुटारूंचं भय. त्या भयाने राणी हेमांगिनीच्या आजोबांनी धूम्रकेश मांत्रिकाला साकडं घातलं. तो म्हणाला, "राजा, तुझं राज्य मी राखीन." भोळ्या राजाला वाटलं, राखण करील. मांत्रिकाच्या मनात होतं, राखून ठेवीन, स्वतःसाठी. एका शब्दात राज्य गेलं की! त्याच घटकेला तलवारी म्यानांना चिकटल्या. मांत्रिक हुकूम देई तेव्हाच निघत, आणि तो हुकूम देई स्वतःच्या दूरदेशीच्या लढायांसाठी.

अशाच एका परक्या लढाईवर राणीचा नवरा गेला, तो आलाच नाही. आता मांत्रिकाने तिच्या एकुलत्या मुलाला, सुवर्माला, बोलावलं. राणी ताठ मानेने मांत्रिकापुढे उभी राहिली.

"शाप कशाने सुटेल?"

"तीन शेजारी राजांच्या विहिरींचं पाणी आण. भीक म्हणून नव्हे, लूट म्हणून नव्हे, बरोबरीच्या नात्याने." या चिमुकल्या राज्याला बरोबरीचं कोण मानणार, म्हणून मांत्रिक गालात हसला.

राणी खांद्यावर साळुंकी घेऊन निघाली. साळुंकी बोलत असे; त्यात नवल ते काय!

पहिला राजा म्हणाला, "मांडलिक हो, पाणी देतो."

"संकटात धावून येईन. हुकूम घेणार नाही," राणी म्हणाली. धावून येणारं त्यालाही कुणी नव्हतं. त्याने घागर भरली.

दुसऱ्याने तिच्या किल्ल्यात आपली फौज ठेवायची अट घातली. राणी उठली आणि चालू लागली. वेशीपाशी तोच पाणी घेऊन मागून धावत आला. अशी बाणेदार शेजारीण कुणाला नको असेल?

तिसरा हाडवैरी. "तुझ्या आजोबांनी माझं रान बळकावलं."

"बळकावलं खरं. परत देते."

साळुंकी कुजबुजली, "राणीसाहेब, राज्य आधीच एवढंसं!"

"एवढंसं असलं तरी काय द्यायचं ते आपण ठरवू."

वैऱ्याने स्वतः पोहरा ओढला.

पाणी पाहून मांत्रिक चरकला, तरी बोलला गोडच. "शिंपड तलवारींवर, आणि राज्य कोण राखील त्याचं नाव घे."

"तिघांत बळकट असेल त्याचं घ्या," साळुंकी म्हणाली.

राणीने घागर उचलून पाणी तलवारींवर शिंपडलं. "आमचं आम्ही राखू!"

खणखणाट झाला. घरोघरच्या तलवारी म्यानातून सुटल्या. मांत्रिकाचा धूर झाला आणि धुराड्यातून निघून गेला.

पुढे लुटारूंची गलबतं आलीच. सुवर्मा किनाऱ्यावर लढला, आपल्या मातीसाठी. माणसं थोडी, लुटारू फार. राणीचा जीव टांगणीला लागला. तोच तिन्ही राजे फौजा घेऊन धावत आले, आणि वेशीबाहेर थांबले. हाडवैरी घोड्यावरून उतरला.

"राणीसाहेब, आत येऊ?"

तेवढ्या धांदलीतही राणीला रडू कोसळलं. "या," ती म्हणाली.

लुटारू पळाले. सुवर्मा धडधाकट परतला. राणीने सगळ्यांना पोटभर जेवू घातलं, आणि हात धुऊन तिन्ही फौजा आपापल्या घरी गेल्या.