रुमालाखालचा सौदा
माझा मेव्हणा बघा, उद्याच्या बाजारात हौदाच्या पाण्याला पैसं लावा म्हनतो, आन बाजार उठला तर देवाची मर्जी म्हनतो! सांगा त्याला, देवाच्या माथी मारू नगंस. हितं न्हाई म्हनून वाचला. तुमी तर हाईसा, तुमीच ऐका.

लई मागं, कुन्या एका राजाच्या मुलखात, नदीकाठी एक गाव हुतं. वर्साला उन्हाळ्यात नदी आटली की तिथं बैलांचा मोठा बाजार भरायचा. लांबलांबचं व्यापारी यायचं. त्या बाजारावर अख्खं गाव जगायचं. घुंगरं ओतणारा, दोर वळणारा, भाकऱ्या थापणारी एकली बाई, समदी.

रीत अशी, की पावण्याच्या बैलाला पयलं पाणी गावानं पाजायचं. फुकट.

एका वर्साला गर्दी बघून पाटलाचं डोळं फिरलं. त्यानं पाणी अडवायला हौदावर गडी उभा केला. तेवढ्यात एक म्हातारा व्यापारी आला. बैलं धापा टाकत हुती.

"पाटील, पाणी?"

आता बैलाचा सौदा कसा हुतो? रुमालाखाली, बोटं दाबून, दुसऱ्याला कळू नये म्हनून. पाटलाला पाण्याचा भाव तोंडानं सांगायची लाज वाटली. त्यानं रुमाल टाकला आन म्हाताऱ्याची बोटं दाबली.

म्हातारा हसला. "कशाचा सौदा, पाटील? बैलं तर माझी हाईत."

"पाण्याचा. हळू बोला की."

म्हाताऱ्यानं रुमाल भिरकावला. "का हळू? सांग की समद्यांम्होरं! पाणी इकतोस का गावाची अब्रू?"

पाटलाची मान खाली. गाव नुसतं बघत हुतं. पाण्याच्या पैशात वाटा समद्यांनाच पायजे हुता.

ही गोष्ट व्यापाऱ्यांत पसरली, आन म्होरल्या वर्साला बाजार नदीपल्याडच्या काठाला भरला. घुंगरंवाल्याची भट्टी इझली. दोरवाला गाव सोडून गेला. शेवटी पाटील बी आपली जोडी इकायला पल्याड गेला. तिथं त्याच्याच गावची भाकरीवाली बसलेली. ती उठली, तिनं पाण्याचं घमेलं आणून बैलांम्होरं ठेवलं.

"पाजा, पाटील. हितं अजून रीत हाय."

बैलं घटाघटा प्यायली. पाटलाला वर बघवंना.

जो भाव चारचौघांत सांगायची लाज वाटती, त्यो लावायचाच न्हाई.

उद्या आपला बाजार भरतोय. बसलाय काय? उठा, हौद भरा.